‘साध्य झाले नाही’

मागच्या सोमवारी तुम्ही घरी काय स्वयंपाक केला होता, आणि तो केल्याचा पुरावा काय, असं तुम्हाला कधी कुणी विचारलंय का?

आम्हाला विचारलं! स्वयंपाकाचं नाही, शिकवण्याचं. पण प्रश्न तोच.

मी न्हावऱ्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब अटेंडंट आहे. शिक्षण बारावी. मेकॅनिकल विभागातली मोजमापाची लॅब माझ्याकडे असते. सकाळी कुलूप काढायचं, उपकरणं पुसायची, मुलांना मोजून द्यायची आणि मोजून परत घ्यायची. मुलं मला मावशी म्हणतात, सर लोक ताई म्हणतात. अशा ठिकाणी वर्षं काढली की किस्से लेथखाली पडणाऱ्या लोखंडाच्या भुशासारखे साठतात. रोज झाडा, दुसऱ्या दिवशी तेवढेच! पण कॉलेजला ॲक्रेडिटेशन आणायचं ठरलं, त्या दीड वर्षात जेवढे साठले तेवढे आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून साठले नसतील.

ॲक्रेडिटेशन म्हणजे काय, ते मला आमच्या गायकवाड मॅडमनी सांगितलं होतं. बाहेरून मोठमोठ्या प्राध्यापकांची समिती येते, तीन दिवस राहते आणि तुमची डिग्री खरोखर डिग्रीच्या लायकीची आहे का ते तपासते. जेवण वाढलं का, एवढंच ते विचारत नाहीत. जेवणाऱ्याचं पोट भरलं का, आणि भरलं असेल तर ते कुठं लिहून ठेवलंय, हे विचारतात.

या गायकवाड मॅडमबद्दल आधी सांगायला हवं. अकरा वर्षं त्या आमच्याकडे शिकवतात आणि अकरा वर्षं त्या हंगामी आहेत. दर जूनला त्यांना अकरा महिन्यांची ऑर्डर मिळते, दर मे महिन्यात त्या टेबलाचा खण रिकामा करून दौंडला घरी जातात. पुढची ऑर्डर येईल की नाही, हे महिनाभर कुणालाच माहीत नसतं. तो महिना त्यांचा चहाचा कप माझ्या कपाटात असतो.

ॲक्रेडिटेशनचं ठरलं त्या सभेत संस्थेचे अध्यक्ष आले होते. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. आप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "गायकवाड मॅडम, ह्ये काम तुमच्याकडं. ॲक्रेडिटेशन आणा, मी तुम्हाला कायम करतो. माझा शब्द हाय."

टाळ्या वाजल्या. आमच्या कॉलेजची रीतच अशी, की कायमचं काम नेहमी कायम नसलेल्या माणसाकडे!

*

पहिल्याच मीटिंगला विभागप्रमुख थोरात सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘फलित’. मग म्हणाले, "आजपासून आपण काय शिकवलं हे कुणी विचारणार नाही. पोरांना काय आलं, हे विचारणार. प्रत्येक विषयाची पाच-सहा फलितं लिहायची आणि वर्षाच्या शेवटी प्रत्येकासमोर लिहायचं, साध्य झाले."

मागच्या बाकावरून एका सरांनी विचारलं, "आणि पोरांना नाही आलं तर?"

"तर तसं लिहायचं, ‘साध्य झाले नाही’. त्याखाली उपाय लिहायचा. नियमात तशी सोय आहे."

दोघा-तिघांनी पेनं उघडली. मग थोरात सरच म्हणाले, "पण ती सोय वापरायची नसते!"

सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मी चहा देत होते म्हणून दिसलं. गायकवाड मॅडमनी पहिलं वाक्य लिहिलं होतं, दुसरं लिहिलं नव्हतं.

*

समितीला मागच्या काही वर्षांच्या मीटिंगांचे वृत्तांत लागतात. आमच्याकडे मीटिंगा होत नव्हत्या असं नाही, पण त्या कॅन्टीनमध्ये उभ्या उभ्या व्हायच्या. त्यांचे कागद कुठून आणायचे?

त्यासाठी ऑफिसचे शितोळेभाऊ होते. भाऊंचा हात असा, की कुठल्याही वर्षाची मीटिंग तुम्हाला दुपारपर्यंत मिळणार! त्यांच्याकडे तीन पेनं होती. एक या वर्षाचं, एक फिक्या शाईचं आणि एक मध्येच अडकणारं. कागद जुना दिसावा म्हणून ते वर्कशॉपच्या पत्र्यावर वाळत घालायचे. पापडासारखेच, चारही कोपऱ्यांना दगड ठेवून.

मी एकदा विचारलं, "भाऊ, किती वेळ ठेवायचे?"

"दोन वर्षांमागच्या मीटिंगला एक दिवस ऊन. चार वर्षांमागची असंल तर तीन दिवस. त्याच्यापुढं करपतं."

एके दिवशी वाऱ्यानं एक गठ्ठा खाली पडला आणि कंपाउंडमध्ये शिरलेल्या शेळ्यांनी तो खाल्ला. मी धावत सांगायला गेले. "भाऊ, शेळ्यांनी सल्लागार मंडळाची सभा खाल्ली!"

भाऊ जागचे हलले नाहीत. "खाऊ द्या ताई. कोरम पुरा हुता का तेवढं बघा. परत घिऊ सभा."

त्यांचं सगळ्या विषयांचं झालं. राहिला फक्त गायकवाड मॅडमचा विषय. भाऊ कागद घेऊन लॅबमध्ये आले. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, त्या वर्षी माझ्या विषयाची आढावा मीटिंग झाली नव्हती. झाली नाही असंच लिहा."

"मॅडम, न झालेल्या मीटिंगचं कसं लिवायचं?"

"बाकीच्यांचं कसं लिहिलंत?"

भाऊंनी पेनाला टोपण लावलं. मग मला म्हणाले, "ताई, ह्यांची ऑर्डर अकराच म्हैन्याची का असती, ते आज कळलं!"

*

मग पालक मेळावा झाला. हा मात्र खरोखर झाला, कारण फोटो लागतात.

पालकांना छापील फॉर्म दिले होते. ‘अभ्यासक्रमाच्या फलितांबाबत आपण समाधानी आहात काय? एक ते तीन गुण द्या.’ न्हावऱ्याचेच एक आबा फॉर्म हातात धरून माझ्याजवळ आले. "ताई, गुण कुणाला द्यायचं? पोराला का मास्तरला?"

मी त्यांना मॅडमकडे नेलं. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, "आबा, ते गुणांचं राहू द्या. मुलगा कॉलेजात आल्यापासून तुम्हाला काय फरक वाटतो?"

आबा म्हणाले, "पोरगं तिसऱ्या वर्साला हाय. इंजिनेर व्हणार. परवा हिरीवरची मोटर बंद पडली. मी म्हणलं, बघ रं बाबा. तर त्यानं तिचा व्हिडिओ काढला, दोस्ताला धाडला, आन् दोस्तानं सांगितलं, मेकॅनिक बोलवा. त्यो मेकॅनिक सातवी नापास!"

"हेच लिहून द्या, आबा."

"अहो, कशाला पोराची बदनामी?"

"मुलाची नाही, आमची आहे."

आबांनी लिहून दिलं. थोरात सर म्हणाले, "मॅडम, हा कागद फाईलला लावायचा नाही." मॅडमनी लावला. शिवाय त्याखाली ‘उपाय’ असं लिहून तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून कॉलेजच्या बागेची मोटर खोलून परत जोडून घ्यायचं ठरवलं.

मुलांनी मोटर अर्ध्या तासात खोलली. जोडायला दोन दिवस लागले. दोन दिवस कॉलेजात बागेला पाणी नाही, संडासला पाणी नाही. प्राचार्य घरून बाटली आणायचे! तिसऱ्या दिवशी मोटर सुरू झाली आणि पूर्वीपेक्षा जोरात पाणी फेकायला लागली. एक वायसर मात्र उरलं.

मॅडमनी नोंद केली, ‘साध्य झाले. एक वायसर शिल्लक.’

*

त्यानंतर माजी विद्यार्थी मेळावा. आमची बरीच मुलं रांजणगावला कंपन्यांमध्ये आहेत. रविवारी कुणाला सुट्टी मिळते, कुणाला नाही. एक मुलगा रात्रपाळी संपवून गणवेशातच आला आणि पहिल्या रांगेत बसल्या बसल्या झोपला. तेवढ्यात फोटो काढला गेला. बाकीचे फोटो हलले होते, हा एकच स्वच्छ. थोरात सरांनी त्याखाली लिहायला लावलं, ‘माजी विद्यार्थी विभागाच्या भवितव्यावर चिंतन करताना’.

भाषणं संपल्यावर त्याला उठवलं आणि ‘दोन शब्द’ बोलायला सांगितलं. तो झोपेतच होता, म्हणून खरं बोलला असावा. म्हणाला, "सर, सगळं चांगलं होतं. फक्त मला व्हर्नियर वाचता येत नव्हता."

व्हर्नियर म्हणजे जाडी मोजायची सरकती पट्टी. तिच्या दोन भागांवर रेघा असतात. वरची कुठली रेघ खालच्या रेघेशी बरोबर जुळते ते पाहून माप वाचायचं. आमच्या लॅबमधलं हे सगळ्यात पहिलं आणि सगळ्यात सोपं उपकरण.

"मग शिकलास कुठं?" मॅडमनी विचारलं.

"कंपनीत, मॅडम. बिहारचा एक हेल्पर होता, त्यानं शिकवला. पहिल्या दिवशी म्हणाला, ‘इंजिनियर साहब, आप बैठिए, मैं नाप लेता हूँ.’ तिसऱ्या दिवशी मला येत होता."

सगळे हसले. तोही हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांच्याच विषयात त्याला पंच्याऐंशी मार्क होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेवटच्या वर्षाच्या मुलांना एकेक करून लॅबमध्ये बोलावलं, हातात व्हर्नियर दिला आणि एक खिळा दिला. "जाडी सांग." निम्म्याहून जास्त मुलांना सांगता आली नाही. एकानं तर मोबाईलवर शोधून सांगितली. "मॅडम, खिळ्याची जाडी साधारण एवढी असते."

त्या दिवशी मॅडमनी आपल्या विषयाच्या फाईलमध्ये पहिल्या फलितासमोर लिहिलं, ‘मुलांना व्हर्नियर वाचता येत नाही. साध्य झाले नाही.’ खाली लिहिलं, ‘उपाय: रोज सकाळी सव्वाआठला जादा सराव.’ आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून त्या दौंडहून सकाळच्या एसटीनं यायला लागल्या. मीही लवकर येऊन लॅब उघडायला लागले.

*

हे पान आप्पांपर्यंत पोचलं. आप्पांनी मॅडमना ऑफिसात बोलावलं. मी पाणी घेऊन गेले होते, म्हणून ऐकलं.

"मॅडम, गावात कुनी इचारलं पोरगी कशी हाय, तर आपन ‘जरा तिरळी हाय’ असं सांगतो का?"

"आप्पा, तिरळी असेल तर चष्मा लावतो. मी तेवढंच लिहिलंय."

"मला ते काय समजत न्हाई. ह्या एका पानापायी कॉलेज अडकलं, तर कायम सोडाच, जूनची ऑर्डर बी इसरा."

मॅडम "बरं" म्हणाल्या आणि बाहेर आल्या. मला वाटलं, आता पान काढतील. घरी लहान मुलगी, सासूबाईंचं दुखणं. मी असते तर काढलं असतं, खोटं कशाला सांगू?

त्या लॅबमध्ये आल्या, सकाळच्या सरावाची हजेरी काढली आणि त्याच पानामागं लावून टाकली.

*

समिती येण्याच्या आधी रंगीत तालीम म्हणून पुण्याहून एक निवृत्त प्राध्यापक बोलावले होते. त्यांनी दोन तास फाईली चाळल्या. चाळलेल्या सगळ्या फाईलींत, सगळ्या फलितांसमोर, सगळ्या वर्षी ‘साध्य झाले’.

शेवटी चष्मा काढून म्हणाले, "अहो, तुमचं सगळंच साध्य झालंय. मग तुम्ही पुढं करणार काय? कॉलेज बंद करायचं का आता? समितीला सुधारणा दिसली पाहिजे. सुधारणा दाखवायला आधी काहीतरी बिघडलेलं नको का?"

थोरात सरांचा चेहरा उतरला. दीड वर्ष आम्ही बिघडलेलं झाकण्यात घालवलं होतं!

मग पुण्याच्या सरांच्या हाताला मॅडमची फाईल लागली. ‘साध्य झाले नाही’ वाचलं. मागची हजेरी पाहिली. तेलाची बोटं उठलेली ती पानं उलटून उलटून पाहिली. म्हणाले, "हे असं पाहिजे. प्रत्येक फाईलमध्ये असं एक पान पाहिजे."

सर जायच्या आधी विभागात वेगळाच गोंधळ सुरू झाला. प्रत्येकालाच आता आपल्या विषयात थोडं नापास व्हायचं होतं. फार नाही, थोडंसं! "मी दोन टक्के कमी दाखवतो." "तुम्ही दोन घेतले तर मी दीड घेतो." जे सर काल मॅडमना म्हणाले होते की तुम्ही विभागाचं नाक कापलं, ते पेन ड्राइव्ह घेऊन आले. "मॅडम, तुमच्या त्या पानाचा फॉरमॅट द्या ना."

मॅडमनी दिला. त्या कुणाला नाही म्हणत नाहीत.

*

समितीच्या आदल्या दिवशी दौंडकडच्या आमच्या संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजातून एक मोठं मोजणी यंत्र टेम्पोत घालून आणलं. आमच्याकडे ते असायला हवं होतं आणि नव्हतं. माझ्या लॅबमध्ये खिडकीजवळ ठेवलं. शितोळेभाऊंनी त्याची दोन वर्षांची वापर-वहीही तयार ठेवली होती.

"भाऊ, दोन वर्षं हे यंत्र मी पुसत होते, हे मला आज कळलं," मी म्हटलं.

"मग आता तरी नीट पुसा!"

गेटवरच्या वॉचमनला कॉलेजचं ध्येयवाक्य इंग्रजीत पाठ करायला लावलं होतं. समितीतलं कुणीही कुणालाही विचारू शकतं, असं थोरात सरांनी बजावलं होतं. सकाळी पहिली गाडी आली, तसा वॉचमन ताठ उभा राहिला आणि सगळं ध्येय एका दमात म्हणून मगच त्यानं दांडी वर केली. ती गाडी पाण्याच्या जारची होती! ड्रायव्हरनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "जार कुठं उतरवू?"

दुसरी गाडी समितीची. तोवर वॉचमनचा घसा बसला होता.

मेकॅनिकल विभाग ज्यांच्याकडे होता ते साहेब दक्षिणेकडचे होते. बारीक, हळू बोलणारे. हिंदी जेमतेम. माझ्या लॅबमध्ये आले आणि थेट त्या खिडकीजवळच्या यंत्राकडे गेले. वही चाळली. यंत्राला एक फेरी मारली, खाली वाकले आणि पायाजवळ अडकलेलं उसाचं पाचट ओढून काढलं. टेम्पो दौंडहून येताना उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकला असणार!

साहेबांनी ते पाचट थोरात सरांसमोर धरलं. "यह क्या है?"

थोरात सर म्हणाले, "सर, ग्रामीण भाग है!"

साहेबांनी मान डोलावली आणि ते पाचट घडी घालून आपल्या फाईलमध्ये ठेवलं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे हॉलमध्ये बसले. समोर साहेब, शेजारी आप्पा, बाजूला थोरात सर, मागं सगळे शिक्षक. मी दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी.

साहेबांनी एकेक फाईल उघडून टेबलावर मांडायला सुरुवात केली. पहिली त्यांनी मोठ्यानं वाचली; फाईली इंग्रजीतच होत्या, मी मराठीत सांगते. थर्मोडायनॅमिक्स. ‘मुलांना व्हर्नियर वाचता येत नाही. साध्य झाले नाही. उपाय: रोज सकाळी सव्वाआठला जादा सराव.’ दुसरी फाईल, गणित. ‘मुलांना व्हर्नियर वाचता येत नाही.’ तिसरी, इंग्रजी संभाषण. ‘मुलांना व्हर्नियर वाचता येत नाही!’

फॉरमॅट घेतला होता. आतला मजकूर बदलायचा राहिला होता. सगळ्यांचाच!

साहेबांनी सगळ्या फाईली एका ओळीत लावल्या आणि विचारलं, "ओरिजिनल कौनसा है?"

आप्पा थोरात सरांकडे बघायला लागले, थोरात सर टेबलाकडे. मग मागून गायकवाड मॅडम उभ्या राहिल्या. "सर, मेरा."

साहेब उठले. "चलिए, दिखाइए."

सगळी वरात माझ्या लॅबमध्ये आली. मुलांचं प्रॅक्टिकल चालू होतं. साहेबांनी खिशातून स्वतःची किल्ली काढली आणि जवळच्या मुलाला दिली. "थिकनेस बताओ." त्यानं व्हर्नियर लावला, माप सांगितलं. मग स्वतःच म्हणाला, "सॉरी सर, गलत है. पहले झिरो चेक नहीं किया. फिर से लेता हूँ." परत घेतलं, परत सांगितलं.

साहेबांनी दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. मग त्यांनी विचारायचं थांबवलं आणि सकाळच्या हजेरीची पानं मागितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. मग मॅडमना विचारलं, "कितने साल से हैं आप यहाँ?"

"ग्यारह साल, सर."

साहेब आप्पांकडे वळले. "ऐसे टीचर को संभालिए. परमनंट हैं ना?"

आप्पांनी एक क्षणही लावला नाही. "होय होय, परमनंट! घर का आदमी है! छे साल हो गए."

मॅडमनी मान खाली घातली. मी व्हर्नियर पुसत होते, तोच परत पुसला.

"बहुत अच्छा," साहेब म्हणाले. "इनका ऑर्डर फाईल में नहीं है. कल सुबह लगा दीजिए."

आप्पांनी शितोळेभाऊंकडे पाहिलं. भाऊंनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ऑर्डर मॅडमच्या टेबलावर होती. कायम नेमणूक, संस्थेचा शिक्का, आप्पांची रात्रीच केलेली सही, आणि तारीख सहा वर्षांपूर्वीची. भाऊंनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "मॅडम, मिळाली म्हनून हितं सही. आन् तारीख वरचीच घाला." मॅडमनी ऑर्डर दोनदा वाचली, सही केली आणि खाली त्या दिवसाची तारीख घातली. दुसरी ऑर्डर करायला वेळ नव्हता, आप्पा पहाटेच पुण्याला गेले होते. दहा वाजता साहेबांनी तो कागद हातात घेतला, वरची तारीख वाचली, खालची तारीख वाचली, आणि स्वतःच्या हातानं समितीच्या फाईलला लावला.